लायका आणि माणिकप्पांचा पोटशूळ

भूमच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागूनच माणिकप्पांचं घड्याळ दुरुस्तीचं. मधे फक्त पत्रा. अप्पा तिकडं शिंकले तरी मला इकडं कळतं. पण ही गोष्ट मला नुसती पत्र्यातून कळलेली नाही. ती सगळी त्यांनी स्वतः सांगितली, माझ्या दुकानात, माझ्याकडं पाठ करून.

अप्पा मूळचे उमरग्याकडचे. विशी-बाविशीत भूमला आले आणि इथलेच झाले. घड्याळं आता कोण दुरुस्त करतंय? सेल बदलायला आणि पट्टा लावायला लोक येतात तेवढंच. पण अप्पांचा जीव घड्याळात नव्हताच कधी. तो एका रशियन झोर्की कॅमेऱ्यात होता. सोलापूरचा एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी तो आणला होता. त्या काळी भूममध्ये तसला कॅमेरा कुणी पाहिलेला नव्हता, आणि पुढची तीस वर्षं दुसऱ्या कुणाकडं आलाही नाही.

या कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी. त्यात लेन्समधून बघायचं नसतं. वर एक छोटी खिडकी असते. तिला डोळा लावला की समोरचा माणूस मधोमध दोनदा दिसतो, एक पक्का आणि एक फिकट. लेन्सची कडी फिरवत न्यायची. फिकट माणूस सरकत सरकत पक्क्यावर जाऊन बसला की अंतर जुळलं. मग खटका दाबायचा. अप्पा हे डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर करायचे. कॅमेरा पूर्ण खोलून परत जोडायचे. जुन्या लेन्सच्या आतली बुरशी पुसायचे, आटे सैल करायचे, सुकलेलं ग्रीस काढायचे. कुठून कुठून पार्सलं यायची, लातूरहून, सोलापूरहून. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, ‘आदरणीय माणिकप्पा सर’. ती चिठ्ठी अप्पा काउंटरच्या काचेखाली दोन दिवस तरी ठेवायचे.

रोल ते घरी मोरीत धुवायचे आणि माझ्याकडं स्कॅन करायचे, म्हणून त्यांचे सगळे फोटो मी पहिल्यांदा बघितलेत. देवळाचा दगड न् दगड मोजून घ्यावा इतके स्वच्छ. वडाची पानं, विहिरीची पायरी, बाजारातले मिरच्यांचे ढीग. चूक काढायला जागा नाही. दुसऱ्यांदा बघावंसंही वाटायचं नाही, पण हे मी त्यांना कधी बोललो नाही.

मग धोंडीबा आले.

धोंडीबा बेंबळीचे, मेंढपाळाच्या घरातले. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होते. नोकरीची शेवटची वर्षं भूमला काढली आणि रिटायर झाल्यावर इथंच राहिले. एक दिवस घड्याळाचा सेल बदलायला आले आणि काउंटरवर उघडून ठेवलेला झोर्की बघून तिथंच खिळले.

“अप्पा, ह्याच्या पोटात एवढं सगळं असतंय व्हय?”

अप्पांना असा माणूस हवाच होता. त्यांनी झोर्कीच्याच जातीचा एक पडीक रशियन फेड कॅमेरा दुरुस्त करून धोंडीबांच्या हातात दिला. सगळं शिकवलं. दर रविवारी दोघं एसटीनं कुठंतरी जायचे. धोंडीबांना यंत्रातलं काही उमगायचं नाही. लेन्सवरचे आकडे ते विसरायचे, रोल उलटा भरायचे. अप्पा खेकसायचे आणि मनातून खूश असायचे.

चैत्रात सोनारीच्या यात्रेला गेले तेव्हा पहिली ठिणगी पडली. दोघांनी एकाच जागेवरून एकाच नारळवालीचा फोटो काढला. अप्पांच्या फोटोत नारळाची शेंडी न् शेंडी मोजता येत होती. धोंडीबांचा फोटो किंचित हललेला होता. पण त्यात ती बाई दातात पदर धरून कुणावर तरी रागावली होती आणि त्याच वेळी तिला हसूही येत होतं. माझ्या दुकानात झेरॉक्सला आलेल्या चार माणसांनी धोंडीबांचाच फोटो हातात घेतला. “ही तर आमच्या आत्यासारखीच दिसतीया,” एकजण म्हणाला. अप्पांचा फोटो टेबलावर तसाच पडून राहिला.

“हललाय,” अप्पा म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

असं पुढं वर्ष-दीड वर्ष चाललं. दर वेळी अप्पा काहीतरी खोट काढायचे. उजेड जास्त झालाय, डोकं कापलंय, रेघ वाकडी आलीय. धोंडीबा प्रत्येक वेळी मान डोलवायचे. “खरंय अप्पा. पुढच्या टायमाला ध्यान ठेवतो.” त्या मान डोलवण्यानं अप्पांना जास्तच झोंबायचं.

आणि मग लायका आली.

धोंडीबा ज्या डॉक्टरांच्या हाताखाली वीस वर्षं होते ते पुण्याला जाऊन राहिले होते. ते वारले. त्यांची मुलगी राजनंदिनी, तिनं धोंडीबांच्या नावानं एक पार्सल पाठवलं. आत जुनी लायका, जगभर नावाजलेला जर्मन कॅमेरा, तिच्यावर आत सरकवता येणारी एलमार लेन्स, आणि चिठ्ठी: ‘धोंडीबाकाका, बाबा म्हणायचे की हा तुमच्याकडंच जायला हवा.’

अप्पांनी जन्मात लायका हातात धरली नव्हती. सोलापूरच्या स्टुडिओत एका इंग्रजी मासिकातलं तिचं चित्र त्यांनी कापून घेतलं होतं, ते अजून त्यांच्या पाकिटात होतं. धोंडीबांनी काउंटरवर ठेवलेली लायका त्यांनी उचलली, कानाशी नेली आणि खटका दाबला. आवाज कसला, कुणीतरी हळूच ‘च्’ म्हणावं तेवढाच. मला पलीकडं ऐकूही आला नाही.

“कसाय अप्पा? बरा हाय का?” धोंडीबांनी विचारलं.

अप्पा मला नंतर म्हणाले, “त्यानं ‘बरा हाय का’ इचारलं ना, तिथंच माझ्या पोटात कळ आली बघ. लायकाला बरा हाय का म्हणतंय. ज्याला शटर आन् लेन्समधला फरक कळंना त्याच्या घरी चालत आली, आन् मी जन्मभर चित्र घिऊन बसलो.”

पुण्याच्या फ्लॅटमध्ये पडून पडून लेन्सच्या आत बुरशी धरली होती. अप्पा म्हणाले, ठेवून जा, साफ करून देतो. धोंडीबा निर्धास्त मनानं ठेवून गेले.

लेन्स चार दिवस अप्पांकडं होती. पहिल्या दिवशी त्यांनी ती झोर्कीवर लावून बघितली. बसली. तिच्यावर अख्खा रोल काढला. दुसऱ्या दिवशी खोलून एकेक काच पुसली. सगळ्यात पुढची काच एका बाजूनं फुगीर असते, दुसऱ्या बाजूनं जवळपास सपाट. तिसऱ्या दिवशी ती चिमट्यात धरून ते बराच वेळ बसून राहिले. मग काच उलटी करून जागेवर ठेवली आणि वरची पितळी चकती आवळली.

काच उलटी बसली की काय होतं हे भूममध्ये त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. कडेचं सगळं फिसकटतं. मधे तेवढं कसंबसं दिसतं, तेही जवळचं. दूरचं काहीच धड येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला लेन्स चकचकीत दिसते.

“चकाचक झाली की अप्पा!” धोंडीबा म्हणाले आणि त्यांच्या पाया पडले.

पुढचा रोल स्कॅन करताना मी चक्रावलो. पाच-सहा फोटो नुसता धूर. आणि मग बेंबळीच्या हरणाबाईचा फोटो आला. ऐंशीच्या पुढची म्हातारी उंबऱ्यात बसलेली. तिचा चेहरा तेवढा लख्ख, आणि भोवतीचं घर, भिंत, कोनाडे, सगळं तिच्याभोवती गोल गोल फिरत विरघळून चाललेलं. मी अप्पांना हाक मारली. ते आले, बघितलं आणि परत गेले.

खिडकीत जुळवलेलं अंतर फोटोत उतरत नाही एवढं धोंडीबांच्या ध्यानात आलं होतं. त्यांना वाटलं, आपलीच चूक. मग त्यांनी आपला उपाय काढला. जुळवून झालं की अर्धं पाऊल पुढं सरकायचं. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, “नव्या हाताला असंच होतंय. हात शिकंल हळूहळू.”

त्या हिवाळ्यात धाराशिवच्या हौशी मंडळींनी एका मंगल कार्यालयात फोटोंचं प्रदर्शन भरवलं. अप्पांचे तीन फोटो लागले, धोंडीबांचा एक. हरणाबाईपुढून लोक हलेनात. ही कसली लेन्स, असं जो तो विचारत होता. आणि धोंडीबा प्रत्येकाला हाताला धरून अप्पांकडं आणत होते. “ह्यांची करामत हाय. म्या नुसता खटका दाबला. लेन्स अप्पांनी बनवलीया.”

अप्पांनी प्रत्येकाला नमस्कार केला. “येका येका नमस्काराला वाटत होतं, कुणीतरी थोबाडीत मारतंय,” ते मला म्हणाले. “म्या त्याचं वाटोळं करायला गेलो आन् त्याचंच नाव झालं. आन् वर त्याचं श्रेय मलाच देतंय येडं.” त्यांना तेव्हा पश्चात्ताप झाला नाही. जळफळाटच झाला.

पश्चात्ताप झाला तो दोन महिन्यांनी.

धोंडीबांचे थोरले भाऊ बब्रुवान बेंबळीला मेंढरं राखायचे. पोरं नोकरीला लागली, गुडघे गेले, म्हणून त्यांनी कळप विकायचं ठरवलं. तीन पिढ्यांचा कळप. शेवटच्या दिवशी धोंडीबा लायका घेऊन गेले. समोरच्या टेकाडावरून सगळी मेंढरं उतरत होती, मागं भाऊ, वर आभाळ. त्यांनी लांबून दोन रोल संपवले. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं टेम्पोत घालून कळप नेला.

ते दोन्ही रोल मी स्कॅन केले. एकाही फोटोत एकही मेंढरू नव्हतं. पाण्यात रांगोळी पडावी तसं काहीतरी होतं.

धोंडीबा ते छापलेले कागद आणि लायका घेऊन अप्पांच्या दुकानात गेले. मला पत्र्यातून ऐकू येत होतं.

“अप्पा, माझा हातच वंगाळ. भाऊ म्हनला व्हता, तेवढी मेंढरं भिताडावर लावायला फोटू दे. म्या येवढं बी करू शकलो न्हाय.”

मग अप्पा म्हणाले, “तुजा हात चांगलाय.”

“मग?”

“लेन्सची म्होरली काच उलटी हाय. म्या बसवलीया. मुद्दाम.”

“का?”

“माझ्याकडं न्हवती म्हणून.”

मी मशीन बंद केलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. काही झालं नाही. धोंडीबांचा आवाज आला, अगदी साधा. “सरळ करून द्या.”

अप्पांनी त्यांच्यासमोरच लेन्स खोलली. चकतीचा आटा तीनदा चुकला. धोंडीबा उभेच होते. लेन्स लावून झाली, त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि स्टँडच्या बाजूला चालू लागले. त्या दिवशी अप्पांनी दुकान दुपारीच बंद केलं.

पुढं सात-आठ महिने धोंडीबा अप्पांकडं आले नाहीत. रोल धुवायला ते स्वतःच शिकले. माझ्याकडं स्कॅनला यायचे, तेही अप्पा जेवायला घरी गेले की. मला त्यांच्यामधे पडायचं नव्हतं. पण एक दिवस धोंडीबा गेल्या गेल्या अप्पा माझ्या दारात आले.

“दाव.”

मी धोंडीबांचा नवा फोटो दाखवला. बब्रुवान रिकाम्या वाड्यात बसले होते, मेंढरांच्या वाड्यात. काट्यांचं कुंपण, जमिनीवर वाळलेल्या लेंड्या, आणि म्हातारा हातातली काठी अशी धरून बसलेला की आत्ता उठून हाळी देईल. काच सरळ होती. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकेक काटा स्वच्छ दिसत होता. हरणाबाईपेक्षा हा फोटो सरस होता.

अप्पांनी तो चष्मा काढून बघितला, भिंग लावून बघितला. मग माझ्याकडं पाठ करून, रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत त्यांनी मला ही सगळी हकिकत सांगितली. शेवटी म्हणाले, “म्हंजी काचेचं काय न्हवतंच. लायकाचं बी न्हवतं.” इतके दिवस त्यांना हेवा करायला निदान एक वस्तू तरी होती.

थंडी पडली तशी लायकाचं शटर अडकायला लागलं. जुन्या तेलाचं असंच होतं. धोंडीबा आठवडाभर इकडं तिकडं विचारत राहिले. मग एका सकाळी अप्पांच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले. अप्पांनी स्टूल पुढं सरकवलं.

“ठिवून जातोस?” अप्पांनी विचारलं.

“न्हाय. बसतो.”

अप्पांनी मान हलवली. डोळ्याला भिंग लावलं आणि कामाला लागले. दोन तास धोंडीबा त्यांच्या हातावरची नजर न हलवता बसून होते. मी चहा सांगितला. दोघांनी घेतला, पण धोंडीबांनी कप तोंडाला लावतानाही कॅमेऱ्याकडंच बघितलं. माझ्याच्यानं ते बघवेना.

काम झालं तेव्हा अप्पांनी कॅमेरा पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. “येक इचारू का?”

“इचारा.”

“लोक तुज्याकडं असं कसं काय बघत्यात? माझ्याकडं कुणी बघत न्हाय तसं.”

धोंडीबांनी जरा विचार केला. “म्या आधी बसतो, अप्पा. गाय असू द्या न्हायतर म्हातारी असू द्या. दवाखान्यात तेच काम व्हतं. जनावर बुजायचं थांबस्तोवर त्याला हात लावायचा न्हाय. तुमी एसटीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढता.”

ते गेले. पुन्हा पूर्वीसारखे रविवार सुरू झाले नाहीत, आणि होतील असं मला वाटतही नाही. काही बिघडलं तर धोंडीबा येतात, समोर बसून दुरुस्त करून घेतात आणि उठून जातात. बोलणं होतं ते तेवढ्यापुरतं.

गेल्या महिन्यात आठवडी बाजारात अप्पांना मी एका केरसुण्या विकणाऱ्या बाईशेजारी पोत्यावर बसलेलं बघितलं. तासाभरानं परत आलो तरी तिथंच. झोर्की मांडीवर. बाई त्यांना सुनेचं काहीतरी गाऱ्हाणं सांगत होती.

त्या बाईचा फोटो मी स्कॅन केला. बरा होता. खरंच बरा होता, आणि मी तसं म्हणालोही.

अप्पांनी कागद लांब धरला, जवळ आणला. “व्हय,” ते म्हणाले. “पर धोंडीबानं काढला असता तर बाई बोलायली हाय ते ऐकू आलं असतं.” आणि मला न विचारताच त्यांनी माझ्या ड्रॉवरमधून धोंडीबांच्या फोटोंचं पाकीट काढून पुन्हा उघडलं.