मिस्त्रींचा कान

बॉनेट उघडण्याआधी मिस्त्री इंजिन ऐकत. चाळीस वर्षं त्यांच्या कानाची कीर्ती होती. हल्ली कीर्ती तेवढी उरली होती, कान गेला होता. ही गोष्ट फक्त मुलीला ठाऊक होती, कारण घरात ओरडावं तिलाच लागे.

त्या दिवशी आलेली जुनी पिकअप ॲक्सिलरेटर सोडला की धडाधड बार काढत होती. एवढं मिस्त्रींनाही ऐकू आलं. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "कार्बोरेटर." दोन दिवस तो खोलून साफ केला, तरी बार थांबेनात. पिकअपवाला समोरच्या नव्या गॅरेजकडे बघू लागला.

शेवटी टॉर्च धरून उभी असलेली मुलगी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, सायलेन्सरच्या जोडातून फुसफुस येतेय."

"छट्! काही नाही येत."

तिने त्यांचा हात धरून जोडाजवळ नेला. गरम झोत बोटांना लागला. गॅस्केट फाटलं होतं. ॲक्सिलरेटर सोडला की तिथूनच उलटी हवा आत शिरे आणि न जळलेलं पेट्रोल नळीत पेट घेई. नवं बसवलं आणि बार बंद झाले.

"ताईंनी शोधलं वाटतं?" पिकअपवाल्याने मोठ्याने विचारलं.

"ही? ही नुसती टॉर्च धरते," मिस्त्री हसून म्हणाले.

निघताना पिकअपवाला खिडकीतून आणखी काहीतरी बोलला. तो काय म्हणाला ते कळावं म्हणून मिस्त्रींनी सवयीने मुलीकडे पाहिलं. ती हात पुसत राहिली. सांगायच्या भानगडीत ती पडली नाही.