शेणाला अहो-जाहो

"हाथ डालिए!"

त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलेल्या माणसाला चहापाणी नंतर मिळायचं. आधी ते त्याला थेट घरामागे न्यायचे, कमरेएवढ्या ढिगासमोर उभं करायचे आणि हे फर्मान सोडायचे. ढीग शेणाचा. पाहुणा लग्नपत्रिका द्यायला आलेला असो की नवा सूट घालून, सुटका नाही. बिचारा नाक मुरडत दोन बोटं खुपसायचा आणि जानेवारीच्या त्या हाडं गोठवणाऱ्या धुक्यात दचकून ओरडायचा, "अरे, ये तो गरम है!" मग नातवाला पहिला दात आल्यासारखा यांचा चेहरा उजळायचा.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला लांबून पाहिलं की लोक रस्ता बदलतात. लखनौला आमच्या महानगर कॉलनीत लोक यांना पाहून रस्ता बदलायचे. मीही दोनदा बदलला आहे, खोटं कशाला सांगू!

ते रोडवेजच्या बस डेपोत टाइमकीपर होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी सगळी कॉलनी त्यांना टाइम बाबू म्हणायची. मी बाबूजी म्हणत असे. घरामागे चार ढीग ओळीनं, स्टँडावर गाड्या उभ्या असाव्यात तसे. प्रत्येकात एक पत्र्याची पाटी खोचलेली. तिच्यावर रंगानं ढीग कधी घातला, शेवटचा कधी उलटला आणि कोणत्या महिन्यात "सुटणार", हे लिहिलेलं. त्याआधी कुणी चिमूटभर मागितलं तरी एकच उत्तर, "अभी लगी है, छूटी नहीं।" गाडी फलाटाला लागली म्हणजे सुटली असं होत नाही, हे त्यांनी आयुष्यभर प्रवाशांना सांगितलं होतं. आता आम्हाला सांगत होते.

आमची ओळख कशी झाली, ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी रेल्वेत सिग्नल विभागात इंजिनिअर. बदली होऊन लखनौला आले, आणि भाड्याच्या घरामागे एवढी मोठी मोकळी जागा पाहून हुरळून गेले. कुदळ मारली तर ठिणगी उडाली. पांढरी, खारट, दगडासारखी जमीन. इकडे तिला ऊसर म्हणतात. दूधवाला म्हणाला, "टाइम बाबू से पुरानी खाद ले लीजिए, मैडम।" मी मूळची सांगलीकडची. माझ्या डोक्यात "खाद" शिरली आणि "खत" होऊन बाहेर पडली.

सकाळी सकाळी शेजारच्याच त्यांच्या फाटकात उभी राहून, नमस्कार करून, मी माझ्या उत्तमात उत्तम हिंदीत म्हणाले, "सुना है आपके पास बहुत पुराने खत हैं। थोड़े मुझे भी दे दीजिए।"

त्यांनी चष्मा काढला. "जी? ख़त?"

"हाँ, जितने पुराने उतने अच्छे। ताज़े वाले तो जला देते हैं।"

बाबूजींनी काचा पुसून चष्मा पुन्हा चढवला. मग फार हळू म्हणाले, "बिटिया, जो थे, वो आपकी चाची के संदूक में थे। उन्हीं के साथ गए।"

"संदूक में?" मी हळहळले. "फिर तो कीड़े पड़ गए होंगे! वो जो पीछे ढेर लगा है, उसी में से दे दीजिए।"

मी ढिगाकडे बोट केलं आणि त्यांना उलगडा झाला. माणूस फाटकाला धरून हसला. हसता हसता डोळे पुसले, ते हसण्यानं की गेलेल्या बायकोच्या आठवणीनं, मी विचारलं नाही. खत म्हणजे इकडे चिठ्ठी, हे मला घरी गेल्यावर कन्येनं सांगितलं, आणि वर "मम्मा, यार!" म्हणून कपाळावर हात मारून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून भिंतीपलीकडून हाक यायची, "इंजीनियर साहिबा, आपका ख़त आया है!" आणि रस्त्यानं जाणारे थबकून माझ्याकडे पाहायचे.

शेणाला ते "आप" म्हणत. अक्षरशः! ढिगाला उग्र वास यायला लागला की, "आज ये ज़रा नाराज़ हैं, इन्हें हवा चाहिए।" कोरडा पडला की, "इन्हें प्यास लगी है।" शेणाला अहो-जाहो! आमच्या घरी जावयालाही इतकी अदब मिळाली नव्हती. मी चिडवायची, तर म्हणायचे, "जो मिट्टी को ज़िंदा कर दे, उससे तू-तड़ाक करूँ?"

आणि काम करायचे ते असं. दूधवाल्याकडच्या गायींचं ताजं शेण सायकलच्या ठेल्यावर यायचं. शेणाचा एक थर, त्यावर वाळलेल्या आंब्या-लिंबाच्या पानांचा जाड थर, पाण्याचा शिपका, पुन्हा शेण. दर पंधरवड्याला फावड्यानं वरचं खाली आणि खालचं वर. मुठीत दाबायचं, पाणी ठिबकलं तर फार ओलं, लाडू वळला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला तर बरोबर. आधी ढीग तापतो, मग कित्येक आठवडे सावकाश निवतो. शेवटी चहाच्या पुडीसारखं काळं, भुसभुशीत काहीतरी उरतं, ज्याला शेणाचा वास राहत नाही. पहिल्यांदा ते नाकाशी धरलं तेव्हा मी चाटच पडले! हे शेण होतं?

पण माझा स्वभाव उतावळ्या नवऱ्याचा, गुडघ्याला बाशिंग बांधणारा. शेवंतीची रोपं आणून ठेवलेली, थंडी तोंडावर आलेली, आणि पाटीवर अजून महिना शिल्लक. बाबूजी दोन दिवस कानपूरला गेले. मी भिंतीवरून उतरून तिसऱ्या ढिगातलं दोन घमेली शेण चक्क चोरलं आणि रोपांच्या बुंध्याशी घातलं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठवड्यात सगळी रोपं माना टाकून पडली.

बाबूजी आले, उकिडवे बसले, एक रोप उपटून मुळं पाहिली. मी म्हटलं, रोपवाल्यानं रोपंच खराब दिली. त्यांनी मान हलवली आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "साहिबा, ड्यूटी पर भी आप ऐसे ही लाल सिग्नल में गाड़ी निकाल देती हैं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी स्वतः पिशवीत बारा नवी रोपं घेऊन आले, आणि चोरीचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

पुढच्या वर्षी मी मुकाट्यानं पाटी पाहून थांबले. खत वाफ्यावर पसरलं, वरच्या वीतभर मातीत मिसळलं. आणि एका सकाळी वाफ्यात खुरपं घातलं तर ते लोण्यात जावं तसं गेलं! मूठभर माती उचलली, ती बोटांमधून रव्यासारखी सांडली, आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं. ज्या जमिनीतून ठिणगी उडाली होती, तीच जमीन! मी अंगणात नाचले. सांगलीला आईला फोन लावून ओरडले, "आई, गांडूळ!" आईला वाटलं, चावलं.

बाबूजींची स्वतःची जमीन तर आणखी निराळी होती. तीही एकेकाळी ऊसरच, वर बांधकामाचा राडारोडा. बावीस वर्षं दर हंगामाला त्यांनी तिला खत घातलं होतं. आता तिथे हात घातला की कोपरापर्यंत जायचा.

मग गुडघ्यानं दगा दिला. दोनदा पडले. पुण्याला असलेल्या मुलानं ठरवलं, आता एकटं ठेवायचं नाही. मुलगा चांगला, बापावर जीव. घर बिल्डरला विकलं. बाबूजी घराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "ईंटें हैं, कहीं भी मिल जाती हैं।"

पण शनिवारी कंत्राटदार माप घ्यायला आला आणि जाता जाता बोलून गेला, की घर पाडण्याआधीच, सोमवारी मागच्या जागेत तळघर खणायला मशीन येईल, निघालेली माती दुसऱ्या साइटवर एका ऑफिसच्या फरशीखाली भराव म्हणून जाईल. मी भिंतीशी उभी होते. बाबूजी खुर्चीवर बसले ते बसलेच.

"फ़र्श के नीचे?" ते मलाच विचारत होते. "बिटिया, ये फ़र्श के नीचे दब जाएँगे?"

"बाबूजी, माँग लीजिए ना!"

"बेची हुई चीज़ माँगी नहीं जाती।"

ही लखनवी अदब मला कधीच जमली नाही. माझं डोकं फिरलं. मी कंत्राटदाराला फोन करून भांडले. तो म्हणाला, "मैडम, मिट्टी मिट्टी होती है," आणि फोन ठेवला. रविवारी मी, माझा नवरा, कन्या आणि शेजारची चार घरं घमेली घेऊन उतरलो. दिवसभर माती वाहिली. संध्याकाळी पाहिलं तर एक कोपरा रिकामा झाला होता. फक्त एक कोपरा.

सोमवारी आठ वाजता ते पिवळं मशीन गल्लीत शिरलं. बाबूजी काठी टेकत त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर वरून खेकसला, "बाबा, हटिए!" आणि बाबूजी काय म्हणाले असतील?

"तशरीफ़ लाइए। पहले हाथ डालिए।"

ड्रायव्हर हरदोईकडचा, चाळिशीचा, रापलेला. वैतागून उतरला, म्हाताऱ्याचं मन राखायला वाकला, मातीत हात घातला. हात गेला, गेला, कोपरापर्यंत गेला. त्यानं मूठ बाहेर काढली, नाकाशी धरली. मशीन नुसतंच धडधडत होतं.

"ई माटी आप बनाए हौ, बाबा?"

बाबूजींनी मान डोलावली.

"ई खेत की माटी है। ई भराव मा न जाई।" आणि त्यानं तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला. पंधरा मिनिटांत कंत्राटदार तणतणत हजर. ड्रायव्हर हटेना, आम्ही घमेली घेऊन हटेना. शेवटी कंत्राटदार घड्याळावर बोट आपटत म्हणाला, "बारह बजे तक। जितनी उठानी है उठा लो। बारह के बाद मेरी।"

अहो, वेळेची अट! आणि ती कुणाला घातली, तर टाइमकीपरला!

बाबूजींचा कणा ताठ झाला. घरातून त्यांची जुनी शिट्टी आली, फाटकाशी खुर्ची आली. समोर कॉलनीचा पार्क, त्याच्या कडेला एक पांढरा पडीक कोपरा, जिथे गवताची काडीसुद्धा उगवत नसे. माती तिथे टाकायची ठरली. ड्रायव्हर वरचा दोन फुटांचा थर सायीसारखा अलगद उचलायचा. बाबूजी शिट्टी मारायचे, गल्लीतल्या सायकलरिक्षा, स्कूटर, शाळेची व्हॅन सगळं जागच्या जागी थांबायचं, आणि भरलेलं बकेट रस्ता ओलांडून निघालं की ते खुर्चीतून ओरडायचे, "छूट गई!" मागून आम्ही सगळे तेच ओरडायचो. जे लोक त्यांना पाहून रस्ता बदलायचे, ते ऑफिसला दांडी मारून पार्कात फावड्यानं माती पसरत होते. आणि आमची कन्या, जी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते, गुडघाभर मातीत उभी राहून किंचाळली, "आई, अजून एक येतंय! सरक ना!"

बाराला पाच मिनिटं कमी असताना खाली पांढरी ऊसर दिसायला लागली. बाबूजींनी शिट्टी खिशात घातली, उठून कंत्राटदारापुढे वाकले आणि म्हणाले, "अब आपकी है, जनाब। बड़ी मेहरबानी।" तो ओशाळला.

आता तुम्ही महानगरात आलात तर तो कोपरा दाखवीन. बाबूजींनी बजावलं होतं, की एक हंगाम तिथे काही लावू नका, ये थक गए हैं, इन्हें आराम करने दीजिए. यंदा तिथे पालक, मेथी आणि झेंडू इतका माजलाय की सकाळी फिरायला येणारे लोक वाकून वाकून बघतात. माती कुणी बनवली, हे ज्याला त्याला मी सांगत बसते. कुणी विचारो वा न विचारो.

ते मात्र माती हलली त्याच आठवड्यात पुण्याला गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. मुलगा सामान लावत होता. सातव्या मजल्यावरचं घर आहे, बाल्कनी मोठी आहे, असं तो मला दोनदा म्हणाला. बाबूजींनी माझ्याकडून एक मराठी वाक्य शिकून घोकलं होतं, ते त्यांनी फलाटावर परीक्षेला बसल्यासारखं म्हणून दाखवलं, "पुण्यात शेण कुठे मिळेल?" मी हसले. तेही हसले.

गाडी हलली. ते दारात उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. सकाळी मुलानं गरम पाण्यात त्यांचे हात भिजवून, ब्रशनं घासून लखलखीत करून दिले होते. इतक्या वर्षांत त्यांची नखं गुलाबी आहेत, हे मला कधी कळलंच नव्हतं.