भिंतीला टेकवलेली रायफल

घरात साधी बादली धपकन पडली तरी मला तांड्यावरची ती रायफल आठवते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बायको म्हणते, आता तरी सोडा. सुटत नाही.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पुसेगावच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका काळी-पिवळी जीपवाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या.

"साहेब, तांड्यावरल्या एका बाईला हिंगोलीच्या दवाखान्यात सोडून येऊन राहिलो. घरचे म्हणतेत बैलानं मारलं. पर शिंगाचं भोक एवढं बारकं ऱ्हातंय व्हय?"

मी तडक दवाखाना गाठला. गोळी बाईच्या काखेतून शिरून वर खांद्यात अडकली होती. रक्त फार गेलं होतं, शुद्ध नव्हती. तिला नांदेडला हलवायची धावपळ चालू होती. नवरा दाराबाहेर रक्ताळलेल्या सदऱ्यानं उभा होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "बैलानं मारलं." दुसऱ्यांदा विचारल्यावर बोलणं बदललं.

"रायफलीची गोळी हाय साहेब. भेलो म्हणून बैल म्हणलो. पर म्या न्हाई मारली. भिताडाला लावून ठिवली व्हती. घसरली, दस्ता आपटला अन् उडाली."

'आपोआप उडाली' हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा कंटाळा आला होता. माणूस खोटं बोलायला लागला की त्याच्या घरातल्या वस्तूंना हातपाय फुटतात. विळा आपोआप लागतो, कुऱ्हाड आपोआप सुटते. त्यात शेजाऱ्यांनी सांगितलं, या रायफलीवरूनच नवरा-बायकोची तीन आठवडे भांडणं चालू होती. घरात दोन लहान पोरी, म्हणून तिला हत्यार नको होतं. दुपारी तिचे भाऊ ठाण्यात आले. "यानंच मारलं. लिहून घ्या." मी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल केला. बाई गेली असती तर तोच खुनाचा झाला असता. दोन पोरी आजोळी पाठवल्या होत्या. त्यांचा बाप कोठडीत आणि आई नांदेडला.

रायफल पॉइंट टू टूची होती, परदेशी बनावटीची, सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपसूक नळीत चढते. बाहेरून नवी येणं केव्हाच बंद झालं होतं, म्हणून अशी जुनी हत्यारं या हातातून त्या हातात जात. तांड्यावरच्या या शेतकऱ्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता. आधी त्याच्याकडे बापाची दुनळी बंदूक होती. ती मधे दुमडून उघडली की नळीत काय आहे ते डोळ्यांनी दिसतं. ती निकामी झाली, रानडुकरं भुईमूग उकरू लागली, तेव्हा त्यानं आखाडा बाळापूरकडच्या एका बड्या जमीनदाराकडून ही रायफल घेतली.

पंचनाम्यात मॅगझिन कोनाड्यात फडक्यात गुंडाळलेलं सापडलं, आत गोळ्या. खाटेखाली एक रिकामी पुंगळी. मी म्हटलं, बार टाकल्यावर मॅगझिन काढून लपवलं असणार. दोन दिवस मी त्याच्यावर ओरडलो. तो तेच ते सांगत राहिला.

"मॅगझिन कधी काढलं?"

"शेतातून आल्या आल्या. डुकरावर दोन बार काढले, घरी आलो, मॅगझिन काढलं, सेफ्टीचा खटका लावला. रिकामीच झाली की मंग ती."

इथे मी अडखळलो. मॅगझिन आधीच काढलं होतं असं सांगून तो स्वतःचीच गोष्ट अशक्य करत होता. खोटं बोलणारा आपल्या गोष्टीला स्वतः भोक पाडत नाही. या माणसाला खरंच ठाऊक नव्हतं की दुसऱ्या बारानंतर तिसरी गोळी नळीत जाऊन बसलेली असते. दुनळीवर हात बसलेला माणूस तो.

पण नळीत गोळी असली तरी घोडा कुणी ओढला? मुख्यालयातल्या आमच्या जुन्या शस्त्र कारागिरानं हात जोडले. "साहेब, प्रयोगशाळेच्या आधी मी उघडली तर पुरावा मातीत जाईल." प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार. मी बाळापूरकडे जमीनदाराच्या घरी गेलो. त्यानं बैठकीत बसवून चहा दिला.

"रायफल एकदम बराबर होती साहेब. आम्हाला कधी तकलीफ झाली नाही. आणि विकण्याआधी तुमच्याच ठाण्यात तपासली ना?"

तपासली होती. मीच. हत्यार ठाण्यात आणलं, मी क्रमांक कागदाशी ताडून पाहिला, नळीचं तेल पाहिलं, आणि अहवालात लिहिलं: हत्यार सुस्थितीत आहे. खाली सही-शिक्का. दोन मिनिटांचं काम, म्हणून ध्यानातही राहिलं नव्हतं.

इथे कबूल करतो. परतीच्या वाटेवर माझ्या मनात आलं की हा शेतकरी खोटा ठरला तर मी सुटतो. रायफल चांगली, अहवाल चांगला, माणूस वाईट. काही करायचंच नव्हतं, आहे ते तसंच चालू द्यायचं होतं. त्या विचाराची मला जितकी भीती वाटली तितकी कुठल्या दरोडेखोराची वाटली नाही.

ठाण्यात शेतकऱ्याचा बाप डबा घेऊन बसला होता. सत्तरी ओलांडलेला म्हातारा. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आमच्या वाडवडलांनी बैलं हाकली साहेब, घेतली, इकली. बैल मारका हाय का, हे मालकाला कवा इचारू न्हाई. जो दावं बांधतो त्याला इचारावं. माझ्या पोरानं मालकालाच इचारलं."

या रायफलीचं दावं कोण बांधत होतं?

जमीनदाराची रायफल पुसणारा, वाहणारा एक सालगडी काम सोडून गेला होता. तो सिद्धेश्वर धरणावर मासेमारीच्या ठेकेदाराकडे सापडला. जाळं विणत होता. रायफलीचं नाव काढताच त्यानं चप्पल काढून पाय पुढे केला. करंगळी नव्हती.

"मालक जीपीतून उतरले, नळी खाली व्हती, दस्ता जीपीच्या दाराला लागला, बार झाला. मला म्हणले, तुझ्याच हातानं झालं म्हण. मंग एकदा बैठकीत बी उडाली. सागाच्या कपाटाला भोक हाय. वर कॅलेंडर लावलंय बघा."

"आधी काहून बोलला न्हाईस?"

"कुनी इचारलं व्हय?"

पंच घेऊन मी पुन्हा त्या बैठकीत गेलो. परवा चहा पिताना ते कॅलेंडर माझ्या समोरच होतं. उचललं. मागे मेणानं बुजवलेलं भोक होतं. जमीनदारानं पाणी मागितलं. पुढे प्रयोगशाळेनंही तेच सांगितलं. घोडा धरून ठेवणारी आतली अडकण झिजलेली, शिवाय कुणीतरी ती कानशीनं घासलेली. नळीत गोळी असेल तर खटका लावूनही दस्त्याला हिसका बसला की बार होतो.

बाई वाचली. बोलू लागली तेव्हा जबाब घ्यायला मीच गेलो. धाकटीला उचलायला वाकली, पदर रायफलीत अडकला, एवढंच तिला आठवत होतं. मग ती म्हणाली, "मी म्हणलं व्हतं, घरात नको. त्ये म्हणले, भेऊ नको, ठाण्यातल्या साहेबानं बघून शिक्का मारलाय."

मी जबाब शब्दशः लिहिला. तो साहेब मीच, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

नवऱ्याला सोडलं त्या दिवशी मात्र त्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिवी देईल. तो म्हणाला, "मंग तुमी बी मालकालाच इचारलं म्हणा, साहेब." एवढं बोलून तो नांदेडच्या गाडीला गेला. जमीनदारावर खटला भरला. माझा जुना अहवालही मी त्या कागदांत लावला. खात्यानं माझ्यावर ठपका ठेवला. तो कमीच होता.

त्यानंतर एकही हत्यार मी नुसता क्रमांक बघून पुढे पाठवलं नाही. मालकाला घेणाऱ्यासमोर नळी रिकामी करून दाखवायला लावायचो, जाणत्या कारागिराची चिठ्ठी मागायचो, आणि ते हत्यार ज्यानं पुसलं, वाहिलं, त्याला बाजूला घेऊन बोलायचो. कागद फक्त हत्यार कुणाचं ते सांगतो. ते कसं आहे, हे हाताळणाऱ्याला ठाऊक असतं.

काही वर्षांनी तांड्यावरून जाताना ती बाई ओट्यावर बसलेली दिसली. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मोठी पोरगी मागे उभी राहून आईची वेणी घालत होती. मी जीप थांबवली नाही.

अजूनही कुणी जुनी रायफल घ्यायची म्हणून सल्ला विचारायला येतं. मॅगझिन काढलं म्हणजे हत्यार रिकामं झालं नाही, हे मी त्याला सांगतोच. पण आधी त्या वेणीचं सांगतो.