न टिकणाऱ्या रेणूचं नाव

शिरवण्याची रंजिता तळोज्याच्या एका कारखान्यात गोणींवर नावं छापायची. स्टेन्सिल ठेवायचा, शाईचा रोलर फिरवायचा, गोणी पुढे सरकवायची. त्या नावांचा अर्थ तिने कधी कुणाला विचारला नव्हता.

मग ‘पॉलिव्हायनिल अल्कोहोल’ नावाची पांढरी पूड आली आणि खात्यातले सगळे तिला दारूवाली म्हणून चिडवू लागले. वैतागून ती हादियाकडे गेली. हादिया म्हसळ्याची, नुकतीच लागलेली केमिस्ट.

दारू-बिरू काही नाही, असं सांगून हादियाने जेवणाचा डबा बाजूला सारला आणि समजावलं. पॉली म्हणजे पुष्कळ. एकाच जातीचे बारीक रेणू हजारोंनी एकमेकांना धरून उभे राहिले की लांबच लांब साखळी होते आणि साखळीला त्या रेणूचंच नाव लागतं. इथिलीन हा वायू, डोळ्यांना न दिसणारा. त्याची साखळी म्हणजे पॉलिइथिलीन, आपली दुधाची पिशवी.

रंजिताला खरंच वाटेना. रोज सकाळी कात्रीने कापतो ती पिशवी मुळात हवेसारखी होती?

“मंग यो व्हायनिल अल्कोहोल दाखवा ना मॅडम. कसा हाय तो बगू.”

“तो दाखवता येत नाही, ताई. तयार झाला की लगेच त्याचं दुसरंच काहीतरी होतं. बाटलीत टिकतच नाही.”

दुसऱ्याच रेणूची साखळी करतात, मग तिचं रूप पालटतात, असंही तिने सांगितलं.

“आनि नाव त्याचाच?”

“त्याचंच. जगभर.”

रंजिताने चिमूटभर पूड तळहातावर घेतली आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

संध्याकाळी घरी नवरा, हिरामण, टीव्ही बघत होता. त्यांची पहिली मुलगी जन्मली आणि काही तासांतच गेली होती. जी राहिली नाही तिचं नाव ठेवायचं नसतं, असं तेव्हा मोठ्यांनी सांगितलेलं. त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नव्हता.

“आपले पोरीचा नाव मी ठेवला होता,” रंजिता म्हणाली. “उन्नती.”

हिरामणने टीव्ही बंद केला. मग त्याने विचारलं, तिचे डोळे कोणासारखे होते. त्याला तेव्हा दवाखान्यात आत सोडलं नव्हतं. रंजिता त्याच्याजवळ बसली आणि सांगू लागली.