कबुतराचा खिसा

एप्रिल १९४६. यात्रेचा आदला दिवस, दुपार. मी मशीनवर इस्माईलभाईंच्या काळ्या कोटाला पाठीमागून, आतल्या बाजूने खिसा लावत होते. कबुतराचा खिसा. अस्तर जुन्या धोतराचं, मऊ. तोंडाला बटण नाही, कारण बटणाशी हात अडतो. कबुतर शेजारीच टोपलीखाली घुमत होतं.

इस्माईलभाई मिरजेचे. घरचा धंदा तंबोरे बनवण्याचा, पण इस्माईलभाई जादूचे खेळ करत. भावांना ते आवडत नसे. इस्माईलभाई म्हणत, "भाऊ भोपळ्यात सूर भरतात, मी कबुतर. भोपळ्याची काही तक्रार नाही." तंबोऱ्याचा अर्धा कापलेला भोपळा हेच त्यांचं मुख्य सामान. तो लोकांना रिकामा दाखवायचा, चटईवर पालथा घालायचा, उचलला की खाली जिवंत कबुतर. भोपळा पालथा घालताना डावा हात कोटामागे जाऊन यायचा, एवढंच. समोरच्यांना कोट आड यायचा.

आमच्या गावच्या यात्रेची सुरुवात त्यांच्या खेळाने व्हायची. नारळ मिळायचा, तो मान. दुसऱ्या कुठल्या गावी त्यांना मान नव्हता, नुसती बिदागी.

दरवर्षी आदल्या दिवशी ते आमच्या ओसरीवर तालीम करत, आणि बघायला मला बसवत. आमचे हे शाळामास्तर. ते लगेच "वा" म्हणत, म्हणून बिनकामाचे. मला इस्माईलभाई म्हणत, "भाभी, काय वाटलं ते नको. काय दिसलं ते सांगा." आणि मी बघत असताना ते माझ्या नाकाकडे बघत. "डोळा लबाड असतो. नाक वळलं तिकडं मन गेलं समजायचं." मधेच ते टोपी सारखी करत, मान खाजवत. त्यातलं खरं कुठलं आणि मला फसवायला कुठलं, हे ओळखायचा मला नादच लागला होता.

त्या वर्षी लढाईवरून पोरं परत आली होती. त्यांच्यातला गणपत हवालदार पंचांपुढे म्हणाला, "म्होरनं बसून कोनबी फसंल. इटलीत लय बघितल्यात असले. मी मागं बसनार. कबुतर दिसलं, तर पुढल्या सालापासनं नारळ पैलवानांना." पंचांनी मान डोलावली.

म्हणून त्या दुपारी, खिसा लावून झाल्यावर, इस्माईलभाईंनी मला मागे बसवलं.

"काय दिसलं?"

"कबुतर."

"शेपटी दिसली, का पंख?"

"दोन्ही."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच बघितलं. मागे कुणाला बसू देऊ नका, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "मग आजच हरलो की."

तेवढ्यात आमचे हे देवळातून फेटे घेऊन आले. परत आलेल्या शिपायांचा सत्कार यात्रेतच व्हायचा होता. शेजारचे तात्या कापड पुरतं का बघायला एक फेटा ह्यांच्याच डोक्याला बांधू लागले. ह्यांनी हनुवटी छातीला टेकवली. मी शेमला आखूड होतोय म्हणून सांगू लागले. आमच्याकडे फेटा कुणाचाही असो, बोलल्याशिवाय कुणाला राहवत नाही. सहज वळून बघितलं, तर इस्माईलभाई फेट्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या नाकाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी हवालदार पाच-सहा शिपाई घेऊन मागे बसला. बायकांची जागा बाजूला होती. तिथून मलाही इस्माईलभाईंची पाठ दिसत होती. इस्माईलभाईंनी भोपळा रिकामा दाखवला आणि चटईशी वाकले. त्याच वेळी आमचे हे फेटा घेऊन उठले. पहिला सत्कार गणपत हवालदाराचा, बसल्या जागी. तात्यांनी बांधायला घेतलं. हवालदाराने मान खाली घातली. बाकीचे शिपाई "शेमला लांब सोडा की वं तात्या" म्हणून वाकून बघू लागले.

मला सगळं माहीत होतं. डाव्या हातावरून नजर काढायची नाही, असं मी घरूनच ठरवून आले होते. तेवढ्यात तात्यांची एक घडी वाकडी गेली. मी परत बघितलं, तर इस्माईलभाईंचे दोन्ही हात भोपळ्यावर, अदबीने थांबलेले.

फेटा झाला. भोपळा उचलला. कबुतर चटईवर चार पावलं चाललं.

हवालदार उठला आणि त्याने कोट चाचपला. "खिसा हाय," तो म्हणाला. मग आत हात घालून, "पन रिकामा हाय. कवा काढलंस?"

"हवालदारसाहेब, फेटा लय शोभतोय तुम्हाला," इस्माईलभाई म्हणाले.

सगळं मैदान हसलं, हवालदारही हसला. नारळ त्यानेच हातात दिला. तो मान पुढे इस्माईलभाई होते तोवर त्यांच्याकडेच राहिला. अठ्ठेचाळीसच्या थंडीत ते मिरजेला वारले.

त्या संध्याकाळी निघताना त्यांनी मला नेहमीसारखं विचारलं, "भाभी, काय दिसलं?"

"तात्यांची घडी वाकडी गेली."

"मग ठीक," म्हणाले आणि वाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. या कपावरून नजर हलवायची नाही, असं दोनदा बजावलं, आणि त्यांना फेटा बांधायला घेतला. काय करायचं ते जाऊबाईंना आधी सांगून ठेवलं होतं. फेटा बरा झाला. ह्यांनी मान वर केली, हात पुढे केला आणि विचारलं, "अगं, चहा कुठाय?"