औषध कोणाच्या नावानं?

परदेशातून जडीबुटीच्या गोळ्या मागवायला एवढे सोपस्कार लागतात हे ठाऊक असतं, तर मी त्या भानगडीत पडलोच नसतो. पण आत्याचे गुडघे पार आखडले होते. गडचिरोलीकडच्या तिच्या गावात ती जन्मभर लोकांना झाडपाल्याचं औषध देत आली, तेही फुकट. आता तिला अंगणातून रस्त्यापर्यंत जाववत नव्हतं, जंगल तर लांबच राहिलं. जंगल सुटलं तर ती फार दिवस काढणार नाही, अशी मला भीती होती.

मी घुग्घुसला खाणीत नोकरीला. मोबाइलवर सांधेदुखीच्या गोळ्या दिसल्या, मागवल्या. एक नाही, बारा बाटल्या. आमच्या गल्लीत एकट्यासाठी काही मागवायची रीतच नाही. गूळ आणला तरी चार घरांचा येतो. पार्सल कस्टममध्ये अडकलं आणि पत्र आलं: औषध कोणासाठी, किती दिवसांचं, कशावर, कोणत्या डॉक्टरच्या सांगण्यावरून? मी खरं ते लिहून मोकळा झालो, ‘दोन बाटल्या आत्याला, बाकी गल्लीत वाटायला.’ झालं! आपल्याच हातानं पायावर धोंडा. स्वतःच्या वापरापुरतंच आणता येतं, वाटायला नाही, असं उत्तर आलं. डॉक्टरही चिठ्ठी देईनात. न तपासलेल्या बाईला काय लिहून देऊ, म्हणाले.

तणतणत आत्याच्या गावी गेलो आणि तिला पत्र वाचून दाखवलं. वाटलं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल.

“कोणाच्या नावानं मांगवलं?” तिनं विचारलं.

“माह्या.”

“आन् दुखते कोणाले?”

“तुले.”

“मंग बराबर अडवलं त्यायनं.”

आणि सांगू लागली. सांधेदुखीवर सलईच्या झाडाचा डिंक काढायचा तर आदल्या सांजेला झाडापाशी हळद-तांदूळ ठेवायचे. रोग्याचं नाव घ्यायचं, दुखणं सांगायचं, किती हवं तेही सांगायचं. सकाळी तेवढंच आणायचं, कणभर जास्त नाही.

“एकाच्या नावाचं दुसऱ्याले लागत नाई, बाबू.”

ते पत्र माझ्या हातात तसंच होतं. कोणासाठी, किती, कशावर. कस्टमचा साहेब आणि शाळेचं तोंड न पाहिलेली आत्या, दोघं एकच विचारत होते. आणि शिकलेला मी दोघांवरही चिडत होतो!

“मंग तू सोतासाठी काऊन नाई आणला डिंक?”

“आपलं आपल्या हातानं घेत नाई. दुसऱ्यानं नाव घ्या लागते.”

इतक्या वर्षांत तिनं अख्ख्या गावाची नावं झाडांना सांगितली होती. तिचं कोणीच सांगितलं नव्हतं. मला शरम वाटली. त्याच सांजेला हळद-तांदूळ घेऊन सलईपुढे उभा राहिलो, तोंड उघडलं आणि थांबलो. गाव तिला बाई म्हणतं, आम्ही आत्या. नाव मला माहीतच नव्हतं.

तसाच परत आलो. “आत्या, तुहं नाव काय?”

ती गुडघे धरून माझ्याकडे वळली.

“लगनाच्या आंधीचं सांगू का नंतरचं?”

झाडाला मी दोन्ही सांगितली. आणि एकाच माणसापुरता डिंक मागितला.