चेंजलॉगमधलं नाव

'असू दे गं' एवढं कुणी म्हणालं की आजही माझ्या मस्तकात तिडीक जाते. सांगते का ते.

२००७-०८ची गोष्ट. मी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका कॉम्प्युटर क्लासला शिकवत होते. शिकवत म्हणजे, आधी तिथेच शिकले आणि मग सरांनी 'थांब, मदत कर' म्हणून ठेवून घेतलं. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर आमची बारा मशीनं. चोरून टाकलेल्या विंडोजवर धाडी पडायला लागल्या तेव्हा सरांनी घाईघाईने सगळीकडे फुकट मिळणारं लिनक्स टाकून घेतलं आणि पालकांना सांगायला लागले की ही फॉरेनची सिस्टिम आहे. त्यांना स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला कळत होतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, रागाने सांगते.

सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली आमच्याकडे सरावाला यायच्या. मराठी टायपिंगचा तो प्रोग्राम धड्याची शेवटची लांब ओळ आली की धाडकन बंद पडायचा आणि तोवरचा स्पीड, चुका, सगळं पुसलं जायचं. पोरी रडकुंडीला यायच्या. सर म्हणायचे, परत सुरू करा.

एके दुपारी मी कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत 'ॲप्ट-गेट सोर्स' आणि पुढे त्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं. 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल' म्हटलं की वाढलेलं ताट येतं, 'सोर्स' म्हटलं की शिधा येतो. प्रोग्राम ज्यातून तयार झाला तो सगळा मजकूर, ओळीनओळ, उघडा. मी चार दुपारी तो वाचत बसले. लिहिणाऱ्याने एका अक्षराला एक घर असं धरून ओळीसाठी जागा ठेवली होती. इंग्रजीला ती पुरते. आपल्या अक्षराला कॉम्प्युटरच्या पोटात तीन घरं लागतात, म्हणजे ओळ लांबली की जागा संपणारच. मी माप बदललं, प्रोग्राम पुन्हा बांधला, आणि शेवटची ओळ सुरळीत पार पडली. वर्गातल्या सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

हे जगाला परत द्यायचं असेल तर सोर्ससोबतच्या चेंजलॉग नावाच्या फाइलमध्ये नोंद करावी लागते. काय बदललं ते, आणि खाली बदलणाऱ्याचं नाव. नोंद उघडायची कमांड दिली की नाव आपोआप भरलं जातं, ज्याच्या लॉगिनने तुम्ही बसलात त्याचं. आमच्या क्लासमध्ये सगळ्या मशीनवर एकच लॉगिन होतं, सरांचं. त्यामुळे माझ्या नोंदीखाली सरांचं नाव आलं.

खोटं कशाला बोलू, मी ते पाहिलं होतं. पुसायला बोट उचललंही होतं. पण शाळेपासून कुठल्याही वहीवर, प्रोजेक्टवर आधी सरांचं नाव घालायची सवय. ते नाव आपल्या हाताने खोडायचं म्हणजे काहीतरी उद्धटपणा केल्यासारखं वाटलं. मी सरांना विचारलं.

"असू दे गं," सर म्हणाले. "क्लासचं मशीन, क्लासचं नाव. मेलही क्लासच्या पत्त्यावरूनच टाक, वजन पडतं."

"बरं सर," मी म्हणाले. त्या 'बरं सर'बद्दल मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

परदेशातल्या कुणा स्वयंसेवकाने काम तपासलं, शाबासकी दिली आणि आहे तसं मूळ प्रोग्राममध्ये चढवलं. महिन्याभराने बदलापूरच्या एका छोट्या कंपनीत मला इंटरव्ह्यूला बोलावलं. लिनक्सचं काम येणारं माणूस हवं होतं. पप्पांची कंपनी बंद पडून वर्ष होत आलं होतं आणि घरी माझ्या नोकरीकडे सगळे डोळे लावून बसले होते. माझ्याकडे डिग्री नव्हती. दाखवायला ते एकच काम होतं.

समोरच्या माणसाने मी सांगितलं ते शांतपणे ऐकलं आणि माझ्यासमोरच 'ॲप्ट-गेट सोर्स' टाइप केलं. बरोबरच केलं त्याने, मीही तेच केलं असतं. चेंजलॉग उघडला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"यहाँ तो किसी और का नाम है, मॅडम."

मी लॉगिनचं सांगितलं. कुठली ओळ, काय माप, का बदललं, सगळं तोंडपाठ सांगितलं.

"समझ तो आपको है," तो म्हणाला. "पर लिखा किसने, वो तो यही बता रहा है ना." आणि त्याने सरांचं नाव कागदावर उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले ती एकच गोष्ट मागायला. हे काम हिने केलं, एवढं सरांनी एका कागदावर लिहून द्यावं. दारातच सरांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"बदलापूरहून फोन होता. त्यांच्या स्टाफला लिनक्स शिकवायला बोलावलंय मला. तू माझं नाव सांगितलंस ना तिथे? थँक्यू हं!"

आत चौकशीला एक काकू मुलीला घेऊन बसल्या होत्या. आमच्याच बुवापाड्यातल्या, आमच्याच बुद्धविहारात येणाऱ्या. सर त्यांना भिंतीवरचा कागद दाखवत होते. चेंजलॉगच्या नोंदीचं प्रिंटआउट, लॅमिनेट केलेलं, नावाखाली लाल रेघ.

माझं डोकं फिरलं. मी पेढा टेबलावर ठेवला, पहिल्या मशीनवर बसले, सोर्स उतरवला, प्रोग्रामची मूळ फाइल उघडली आणि खुर्चीवरून उठले.

"सर, बसा. तुम्ही यातली कुठली ओळ बदललीत, एवढंच दाखवा काकूंना."

सर हसले. मग हसायचे थांबले. माऊस थोडा वर-खाली केला. हजारेक ओळी सरसर गेल्या. त्यांचे कान लाल झाले होते आणि मला त्याचा आनंद होत होता, हेही सांगते. शेवटी त्यांनी मॉनिटरचं बटण बंद केलं.

"मला पत्र पाहिजे सर. काम माझं होतं असं."

"एवढा काय माज करतेस?" ते म्हणाले. "तुम्हा लोकांना सगळं कोट्यातून मिळतंच की. एक नाव गेलं तर काय बिघडलं तुझं?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पाहिलंही होतं. त्यांनी नजर खाली घेतली, पदर सारखा केला आणि मुलीचा दाखला पिशवीतून काढून सरांच्या पुढे ठेवला.

"मग सर," त्या म्हणाल्या, "हिला सोमवारपासून पाठवू ना?"